लेबल शाबूत, तर माल परत

समोर असताना दामूभाईला मी कायम अहो-जाहो केलं. तो मालक, मी नोकर, आणि सुरतेत मालकाला अरे म्हणून कोणाची नोकरी टिकलेली मी पाहिलेली नाही. आता माझा पगार त्याच्या हातात नाही. म्हणून लिहिताना तरी मला त्याला सरळ 'तो' म्हणू द्या. एवढं सुख मी कमावलेलं आहे.

मूळचा तो दामोदर, पारोळ्याकडचा. बाप इथे यंत्रमागावर राबला, त्याच्या जिवावर पोरगा शिकला, कापड बाजारात दलाली करता करता वर आला आणि वर येताच दामूभाई झाला. आमच्याशी, म्हणजे साऱ्या मराठी माणसांशी, तो गुजरातीत बोलायचा; त्याची बरीच वाक्यं मी इथे मराठी करून देतोय. घर आणि कामाचा स्टुडिओ एकाच इमारतीत होते. दुपारी त्याची आई जिन्यातून हाक मारायची, "दाम्या, जेवाले चाल." समोर गुजराती व्यापारी बसलेला असला तर हा हसून म्हणायचा, "मासी छे, गामथी आवी छे." जन्मदात्या आईची मावशी करणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्या माऊलीला हे कळत होतं की नाही, कोण जाणे. ती आपली रोज वेळेवर हाक मारत राहायची.

त्याचा धंदा साडीच्या डिझाइनचा. नव्वदच्या दशकाचा शेवट जवळ आला होता, हाताने काढलेली डिझाइनं मागे पडत होती, आणि छपाईवाले संगणकावर केलेली मागू लागले होते. दामूभाईने लिंबायत या मराठी कामगारवस्तीच्या तोंडाशी वरच्या मजल्यावर स्टुडिओ काढला. खाली माग चालायचे, त्यांनी वरची फरशी थरथरायची. स्टुडिओत एक संगणक होता, तोही बाजारातला सगळ्यात जोरदार. कारण साडीच्या डिझाइनमधला एकेक रंग वेगळा काढायचा, म्हणजे प्रत्येक रंगाची छपाईची जाळी वेगळी करता येते, हे काम साध्या मशीनला झेपत नसे. त्या मशीनवर आम्ही दोघं काम करायचो. सकाळी मी आणि दुपारी रंजना.

रंजनाबद्दल सांगतोच. पण आधी दामूभाईची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही खरं वाटणार नाही.

सुरतेच्या कापड बाजारात माल विकला म्हणजे विकला असं नसतं. परगावचा व्यापारी साड्यांचे गठ्ठे नेतो, सणात खपल्या नाहीत की तसेच बांधून परत पाठवतो. परत घेताना इथला व्यापारी एकच गोष्ट पाहतो: साडीवरचं लेबल जागेवर आहे का. लेबल असेल तर साडी कोरी, नसेल तर नेसलेली. बाजाराची ही रीत आहे आणि बाजारापुरती ती ठीकच आहे. दामूभाईने ती घरात आणली, अंगावर आणली आणि शेवटी डोक्यात नेऊन बसवली. "लेबल शाबूत, तर माल परत," हे त्याचं ब्रीद. घरातल्या फ्रिजवर दुकानातला कागद तसाच. टीव्हीच्या काचेवर प्लास्टिक, त्यातून बातम्या देणारी बाई धुक्यात बसल्यासारखी दिसायची. चष्म्याच्या एका भिंगावर कोपऱ्यात सोनेरी टिकली चिकटलेली, आणि हा मान वाकडी करून त्या टिकलीच्या बाजूने वाचायचा. एकदा ताप आला तेव्हा दोन गोळ्या खाऊन उरलेली पट्टी औषधवाल्याला परत करायला गेला होता. औषधवाल्याने हाकलला, तर आठवडाभर त्या औषधवाल्याची अक्कल काढत होता.

दुसरी खोड म्हणजे हात. कुठलीही वस्तू तो आधी अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळायचा. कापड तसंच पाहतात, त्यात गैर काही नाही. पण हा वांगी तशी पाहायचा, वर्तमानपत्र तसं पाहायचा. "माल हातात बोलतो," असं म्हणायचा. त्याच्या हाताशी सगळा माल बोलत असे, फक्त माणसं बोलू लागली की त्याला ऐकू येत नसे.

तर संगणकासाठी नवा प्रोसेसर आला, बाजारातला सगळ्यात वेगवान. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढी चौकोनी चिप, तोच मशीनचा मेंदू. काम वाढलं की ती तव्यासारखी तापते. म्हणून तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवतात आणि ठोकळ्यावर छोटा पंखा. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पंखा ती उडवून लावतो. या जोडगोळीला सगळे कूलर म्हणत. ठोकळ्याचा तळ चिपला नीट चिकटला तरच हे सगळं जमतं. तो निवडायला दामूभाई मला घेऊन रिंग रोडच्या आतल्या बाजूला हितेशच्या दुकानात गेला.

हितेश तरुण पोरगा, धंद्यात मुरलेला. त्याने काचेवर चार कूलर मांडले आणि विचारलं, "दामुभाई, आ चिप बहु गरम थाय. डबो केवो छे तमारो? अंदर हवा फरे छे?"

"माल बताव ने, भाषण नहीं," दामूभाई म्हणाला.

मग त्याची परीक्षा सुरू झाली. पहिला कूलर त्याने तळहातावर घेऊन जोखला. दुसऱ्याची पाती अंगठा-बोटात धरून चोळली आणि म्हणाला, "पोत सरस छे." ॲल्युमिनियमला पोत! हितेशने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. नंतर त्याने चारही पंखे एकामागून एक लावायला सांगितले आणि प्रत्येकासमोर गाल धरून, डोळे मिटून उभा राहिला. मागे एक शाळामास्तर बिघडलेला प्रिंटर कवटाळून ताटकळत होता. दामूभाईने त्याला हाताने थांबवलं. ज्याचा आवाज सगळ्यात मोठा त्याच्यासमोर तो सगळ्यात जास्त वेळ उभा होता. आवाज म्हणजे ताकद, असा त्याचा हिशेब. स्वतःबद्दलही त्याचा हाच समज होता.

शेवटी त्याने सोनेरी मुलामा दिलेला एक उचलला. हितेश मनापासून म्हणाला, "ए तो देखावानो छे. ठंडक तो आ काळावाळामां छे." काळ्या कूलरची पाती दाट होती, तळ जाड होता, पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा. दामूभाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कोणी लग्नाला सुतकाची साडी दाखवली. "सोनेरी चालशे," तो म्हणाला आणि विषय मिटला.

कूलर बसवायला त्याने कोणाला हात लावू दिला नाही. मला नाही, हितेशच्या माणसालाही नाही. "दुसऱ्याचा हात लागला की माल परत होत नाही," असं म्हणून दार लावून घेतलं आणि स्वतः बसवला. मी बाहेर चहा प्यायलो. आतून पंख्याची घरघर आली आणि त्याच्या चेहऱ्यावर पुत्रप्राप्तीचा आनंद दिसला.

आता रंजना. लिंबायतच्या एकनाथभाऊंची ती थोरली मुलगी. एकनाथभाऊ मागावर, आई घरी साड्यांचे सुटे धागे कापायची. रंजनाही लहानपणापासून कात्री घेऊन आईशेजारी बसलेली. पण तिचा हात चित्राचा होता. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती वेलबुट्टी काढायची. ती पाहून छपाईच्या कारखान्यातल्या एका मुकादमाने तिला आमच्याकडे पाठवलं. संगणक ती काही आठवड्यांत शिकली, आणि काठाचं डिझाइन ती माझ्याहून चांगलं करायची हे मी तेव्हाही म्हणायचो. सकाळचं घरकाम उरकून ती दुपारी यायची. एकदा चहा पिताना तिने मला सांगितलं होतं, "दादा, आबांनी कबूल केलंय. ही नोकरी आहे तोवर माझ्यासाठी स्थळ बघणार नाहीत." ते सांगताना ती खूप खूश होती. मला तिचं कौतुक वाटलं आणि थोडी भीतीही वाटली, कारण हा शब्द दामूभाईच्या नोकरीवर टांगलेला होता.

नवा प्रोसेसर बसला आणि दुपारी मशीन बंद पडू लागलं. सकाळी माझ्या हाताखाली सुतासारखं चालायचं. दुपारी छताचे पत्रे तापायचे, रंजना रंग वेगळे करायला लावायची, आणि ते लांबलचक काम अर्ध्यावर आलं की पडदा थिजायचा. माउस हलेना, कळ दबेना. पुन्हा सुरू करायचं, पुन्हा पहिल्यापासून. लग्नसराईचं काम अंगावर होतं, छपाईवाला रोज माणूस पाठवायचा.

दामूभाईने कूलर बदलला. गाल लावून दुसरा आणला, मग तिसरा. दर वेळी जुना हितेशला परत. हितेश तो उलटा करून तळ पाहायचा, तळाला चिकटवलेलं लेबल जागेवर असायचं, आणि हितेश म्हणायचा, "बराबर छे." वापरलेला कूलर परत येतोय आणि त्याचं पोटाखालचं लेबल कोरं करकरीत कसं, हे त्या दुकानात कोणाच्या मनात आलं नाही. सारं शहरच लेबल पाहून माल परत घेणारं. हितेशला वाटायचं, माल कोरा आला, पुन्हा विकता येईल. तो खूश, दामूभाई खूश.

कूलर संपले तेव्हा दामूभाईने माणसाकडे मोर्चा वळवला. नाचता येईना अंगण वाकडं. एका दुपारी सगळ्यांसमोर म्हणाला, "सकाळी चालतं, दुपारी बंद पडतं. मशीन तेच, कूलर नवा. मग बदलतं काय? हात बदलतो." रंजनाचा हात गरम आहे, असा त्याने निकाल दिला. काही बायकांच्या हाताने लोणचं नासतं, तसं.

मी म्हणालो, "दुपारी उकाडा असतो, दामूभाई. आमच्या वेळा बदलून बघा."

आश्चर्य म्हणजे त्याने ऐकलं. मी दुपारी बसलो, रंजना सकाळी. सकाळी तिने सगळं काम हसतखेळत पुरं केलं. दुपारी माझ्या डोळ्यांदेखत पडदा थिजला. मला वाटलं, सुटली पोरगी. दामूभाई मशीनभोवती एक फेरी मारून आला, टिकलीच्या बाजूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघ, तिने किती बिघडवून ठेवलंय! आता तुझ्या हाताखालीही चालेना." मला हसावं की रडावं कळेना. मी वाद घातला, आवाज चढवला. त्याने नेहमीप्रमाणे तेवढ्यापुरते कान बंद केले. त्याच आठवड्यात रंजनाला त्याने घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी एकनाथभाऊ आले. मागावरून थेट आलेले, केसांत कापसाचे तंतू. दामूभाई आणि ते एकाच तालुक्यातले, लहानपणी एका गल्लीत राहिलेले. भाऊ दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "दामूभाऊ, मन्ही पोरनी काय बिघाडं? रडी रडी झोपनी ती काल."

दामूभाईने त्यांना बसा म्हटलं नाही. गुजरातीत म्हणाला, "जुओ भाई, मशीन लाखेक नुं छे. हुं शुं करुं?"

"भाऊ, मन्हासंगे आपली बोलीमा बोल ना," एकनाथभाऊ म्हणाले.

त्याने पुन्हा तेच वाक्य गुजरातीत म्हटलं. एकनाथभाऊंनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि ते जिना उतरले. त्या क्षणी मला दामूभाईची इतकी किळस आली, की त्याच्या हातचा चहा मी पुढे कधी घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात हितेश स्वतः आला. दामूभाईला दुसरं मशीन घ्यायचं होतं, म्हणून जुन्याची तब्येत पाहायला. त्याने डबा उघडला, कूलर काढला आणि उलटा केला. तळावर पातळ प्लास्टिक होतं, त्यावर लेबल. हा कूलर सगळ्यात जास्त दिवस राहिला होता, त्यामुळे उष्णतेने प्लास्टिक साईसारखं आक्रसलं होतं. कूलरचा तळ आणि चिप यांच्यामध्ये तेच बसलेलं होतं. धातूला धातू कधी लागलाच नव्हता. सोनेरी काय नि काळा काय, सगळे कूलर बिचारे प्लास्टिक गार करत बसले होते.

हितेशने कूलर उजेडात धरला. मग त्याला हसू आवरेना. "दामुभाई, आ तो काढवानुं होय!" असं म्हणत त्याने नखाने कोपरा उचलला.

दामूभाईने झडप घालून त्याचं मनगट पकडलं. "अरे अरे, लेबल नको काढू! परत कसा घेशील मग?" घाबरला की त्याला गुजराती सुचत नसे, हे मला तेव्हा कळलं.

हितेशने मनगट सोडवून प्लास्टिक ओढून काढलं, चिपवर उष्णता ओढणारी पांढरी पेस्ट बोटाने लावली आणि कूलर दाबून बसवला. मी रंग वेगळे करायचं सगळ्यात मोठं काम लावलं. दुपार उलटली, चहा झाला, खालचे माग चालत राहिले, मशीन थांबलं नाही.

हितेश गेल्यावर मी म्हणालो, "दामूभाई, आता रंजनाला बोलवा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तिचा दोष नव्हता. तुम्ही आत्ता पाहिलंत."

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, टिकली सांभाळून. "मी एवढंच पाहिलं, की ती गेली आणि मशीन चाललं," तो म्हणाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तर या माणसाने कावळाच पाळलेला. आणि तो हे चिडून म्हणाला नाही. त्याला ते खरंच पटलेलं होतं. नालायक माणसाचा राग करता येतो, पण स्वतःच्या मूर्खपणावर इतका शांत विश्वास असलेल्या माणसाचं काय करायचं, ते मला आजही ठाऊक नाही.

मी त्याच संध्याकाळी लिंबायतला गेलो आणि एकनाथभाऊंच्या घरी सगळं सांगितलं. प्लास्टिकचं ऐकून रंजनाची आई तोंडाला पदर लावून हसली. रंजना हसली नाही. तिने विचारलं, "दादा, हे शेठ बाजारात सांगतील का?"

"मी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो.

"मी दोन स्टुडिओत जाऊन आले," ती म्हणाली. "नाव सांगितलं की म्हणतात, दामूभाईकडची ना तू? मशीन बंद पाडणारी?"

दामूभाईने बाजारभर ते सांगून ठेवलं होतं. त्याचा आवाज मोठा होता. मी ज्यांना ज्यांना खरं सांगितलं ते हसले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जाऊ द्या ना, पोरगी आहे, आज ना उद्या लग्न करूनच जाणार." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाला म्हणायचं की तुला तसंही मरायचंच होतं. मी पुढे ती नोकरी सोडली. त्यात शौर्य काही नव्हतं, दुसरीकडे बोलावणं आलं होतं.

एकनाथभाऊंनी शब्द पाळला होता. नोकरी होती तोवर स्थळ पाहिलं नाही. नोकरी गेली, तेव्हा शब्दही संपला. मुलाकडचे नंदुरबारचे, सालस लोक, मुलगा बसस्टँडजवळ दुकानात कामाला. लग्न लिंबायतलाच, गल्लीत मांडव घालून.

दामूभाईला मी शेवटचं पाहिलं ते त्या मांडवात. एकनाथभाऊंनी त्याला आमंत्रण दिलं होतं, कारण गाववाल्याला टाळत नाहीत. तो पांढऱ्या सफारीत आला, पहिल्या रांगेत बसला, आणि पाहुण्यांनी 'शेठ, शेठ' केलं तसा फुलत गेला. जेवणं उरकल्यावर नवऱ्या मुलाच्या आईची त्याच्याशी ओळख करून देण्यात आली: रंजना यांच्याकडे कामाला होती. म्हातारी साधी, कौतुकाने हात जोडून उभी. दोन हातांवर रंजना नव्या शालूत बसलेली, सारं ऐकू येईल इतक्या जवळ.

"पोर गुणाची आहे," दामूभाई म्हणाला, आणि चक्क मराठीत म्हणाला. "फक्त तिला मशीनला हात लावू देऊ नका."

आजूबाजूचे हसले. म्हातारी मात्र हसली नाही. तिने काळजीने विचारलं, "शिलाई मशीनले बी नही का, भाऊ?"

मला वाटलं, निदान आता तरी हा हसेल, थट्टा होती म्हणेल, हात झटकेल. रंजनानेही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. दामूभाईने सोबत बांधून दिलेल्या जिलेबीच्या पुड्याची गाठ अंगठा-बोटात धरून जरा विचार केला, अगदी खरा विचार केला, आणि म्हणाला, "सुरुवातीला नको. वर्षभर बघा आधी."

म्हातारीने मान डोलावली आणि तेवढं सांगितल्याबद्दल त्याचे आभार मानले.